थरांमागचा काळ वाचणारा : जेम्स हटन

विद्यार्थिमित्रहो, गेल्या पावसाळ्यात भूगोलाचे शिक्षक रजेवर असता त्यांचा एक तास आमच्या वाट्यास आला. आमचे विषय भाषा आणि इतिहास. तरीही पुस्तक हाती घेऊन माळव्याच्या पठाराचा धडा आम्ही सुरू केला. हे पठार प्राचीन ज्वालामुखीच्या शिलारसापासून बनलेले आहे, हे वाक्य वाचून होताच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. हा मुलगा घरी संगणकावर माइनक्राफ्ट नावाचा खेळ खेळतो. त्या खेळात खेळाडूपुढे डोंगर, नद्या, अरण्ये यांनी भरलेले एक अफाट जग उभे राहते. तेथे खणीत गेले म्हणजे प्रथम माती, मग दगड, त्याखाली अधिक गडद व कठीण दगड लागतो, आणि बहुधा अगदी तळाशी तप्त शिलारसाची तळी आढळतात. मुलाचा प्रश्न असा, की शिलारस जर तळाशी असतो, तर आपल्या जुनी इंदूरच्या पायांखाली तो असा वरच कसा? आणि तो वर आहे, तर त्याच्या खाली काय आहे?

आम्ही क्षणभर विचार करून सांगितले, की खाली खोलवर तोच काळा दगड अखेरपर्यंत असला पाहिजे. मुलगा खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. ते उत्तर चुकीचे होते, हे आम्हांस पुढे वाचनाने समजले. खरे उत्तर शोधता शोधता ज्या पुरुषाच्या चरित्राशी आमची गाठ पडली, त्याची हकीकत त्या विद्यार्थ्यासाठी आणि तुम्हां सर्वांसाठी येथे देत आहोत.

जेम्स हटन याचा जन्म १७२६ साली स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. वडील व्यापारी होते व नगराच्या खजिनदाराचे कामही त्यांनी केले होते. जेम्स तीन वर्षांचा असतानाच ते वारले, आणि मुलांचे संगोपन आईने केले. चौदाव्या वर्षी तो विद्यापीठात गेला. पुढे त्यास एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारीस ठेवण्यात आले. परंतु दस्तऐवजांच्या नकला करण्याऐवजी हा तरुण रसायनांचे प्रयोग करून सोबत्यांची करमणूक करीत बसे. वकिलानेही ओळखले, की या मुलाचा पिंड कायद्याचा नव्हे. मग हटन वैद्यकाकडे वळला. एडिंबरो व पॅरिस येथे शिकून १७४९ साली हॉलंडमधील लायडेन येथे त्याने डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच्या प्रबंधाचा विषय शरीरातील रक्ताभिसरण हा होता. पण वैद्यकीचा धंदाही त्याने केला नाही.

त्याच्या चरितार्थास आधार झाला तो एका साध्या जिनसाचा. आपल्याकडे कल्हईवाले भांड्यास कल्हई करताना जो नवसागर वापरतात, तो त्या काळी युरोपात मुख्यतः मिसरातून येई. हटन आणि त्याचा मित्र जेम्स डेव्ही यांनी धुराड्यातील काजळीपासून तो तयार करण्याची रीत शोधून काढली. एडिंबरो हे कोळशाच्या धुराने काळवंडलेले शहर. तेथे काजळीस काय तोटा? या कारखान्याच्या उत्पन्नामुळे हटनला पुढे आयुष्यभर पोटासाठी धावाधाव करावी लागली नाही.

वडिलांकडून आलेली थोडी शेतजमीन बर्विकशायर परगण्यात होती. ती कसण्याचे ठरवून हटनने प्रथम इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी राहून सुधारलेली शेती शिकून घेतली, आणि मग परत येऊन दीर्घ काळ स्वतःची शेती केली. या शेतीनेच त्यास भूगर्भशास्त्रज्ञ बनविले. चर खणताना, विहिरी पाहताना, ओढ्यांच्या काठांवरून हिंडताना तो जमिनीच्या पोटातील थर न्याहाळू लागला. प्रत्येक पावसात शेतातील माती ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात वाहून जाते, हे तर कोणताही शेतकरी पाहतो. आपल्या कान्ह नदीचे पावसाळ्यातील गढूळ पाणी क्षिप्रेस मिळते, क्षिप्रा चंबळेस, चंबळा यमुनेस व यमुना गंगेस मिळून माळव्याची काळी माती शेवटी बंगालच्या उपसागराकडे निघते. हटनच्या मनात प्रश्न आला तो यापुढचा. माती ही खडक झिजून होते आणि मातीवाचून पीक नाही. म्हणजे खडकाचे झिजणे हेच सृष्टीच्या पोषणाचे साधन आहे. परंतु जमीन अशी सतत झिजतच राहिली, तर एके दिवशी सारा भूप्रदेश समुद्रात जाईल. तसे झालेले नाही. तेव्हा झिजलेल्या जमिनीच्या जागी नवी जमीन घडविणारी काही शक्ती निसर्गात असलीच पाहिजे. ती शक्ती कोणती, याचा शोध हेच त्याच्या उरलेल्या आयुष्याचे कार्य झाले.

१७६८ च्या सुमारास शेती दुसऱ्याच्या हाती सोपवून तो एडिंबरोस परतला आणि आपल्या तीन बहिणींसह राहू लागला. त्याने लग्न केले नाही. त्याची मित्रमंडळी मात्र मोठी भाग्याची होती. कार्बन डायऑक्साइड वायूचा व गुप्त उष्णतेचा शोध लावणारा जोसेफ ब्लॅक, अर्थशास्त्राचा जनक ॲडम स्मिथ, वाफेच्या यंत्राने प्रसिद्ध झालेला जेम्स वॅट हे त्याचे स्नेही. ॲडम स्मिथने तर आपल्या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम ब्लॅक व हटन यांजवरच सोपविले होते. फोर्थ व क्लाइड या नद्या जोडणारा मोठा कालवा त्या काळी खणला जात होता. त्याच्या व्यवस्थापनातही हटनने भाग घेतला. कालवा खणावयाचा म्हणजे जमिनीच्या पोटात डोकावण्याची संधी. ती त्याने वाया जाऊ दिली नाही.

ज्या काळ्या दगडाविषयी आमच्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, नेमक्या त्याच जातीच्या दगडावरून त्या काळच्या युरोपातील विद्वानांत मोठा वाद माजला होता. जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खाणविद्येच्या शाळेत अब्राहम वेर्नर नावाचा विख्यात गुरू होता. त्याची शिकवण अशी, की प्रारंभी सारी पृथ्वी एका महासागराने व्यापलेली होती आणि बहुतेक सारे खडक त्या पाण्यातून एकावर एक थरांनी खाली बसत गेले. काळा बसाल्टही त्याच्या मते पाण्याचाच. ज्वालामुखी म्हणजे जमिनीतील कोळशाच्या थरांस लागलेली अलीकडची आग, असे तो मानी. हा सिद्धान्त सुटसुटीत होता. खालचा थर कोणता, वरचा कोणता, याची यादी एकदा पाठ केली की पृथ्वी समजली, असे त्याच्या शिष्यांस वाटे.

हटनचे म्हणणे निराळे होते. पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णता आहे. तिच्यामुळे समुद्रतळाशी साचलेला गाळ घट्ट होऊन खडक बनतो, वर उचलला जातो आणि नवी जमीन होते. तीच उष्णता खडक वितळविते, आणि तो रस भेगांतून वर शिरून थंड झाला म्हणजे बसाल्ट आणि ग्रॅनाइट बनतात. एडिंबरो शहराला लागूनच सॉल्सबरी क्रॅग्ज नावाचा काळ्या खडकाचा उभा कडा आहे. तेथे गाळाच्या थरांच्या मध्ये घुसलेला काळा खडक दिसतो, आणि त्या घुसण्याने लगतचे थर उचकटून वाकलेले दिसतात. पाण्यातून शांतपणे खाली बसणाऱ्या पदार्थाने शेजारचा थर उचकटावा, हे कसे संभवेल? असा प्रकार तप्त रसाच्या जोरानेच घडावयाचा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तो काळा खडक गाळाच्या काही थरांच्या खाली असूनही त्यांच्याहून वयाने लहान आहे. खाली असलेले सर्वच अधिक जुने, हा नियम येथे लागू पडत नाही.

१७८५ साली मार्च व एप्रिल महिन्यांत हटनचे विचार एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडण्यात आले. पहिला भाग त्यास बरे नसल्यामुळे मित्र ब्लॅक याने वाचून दाखविला. सिद्धान्त सभेपुढे आला. आता पुरावा अधिक भक्कम हवा होता. त्याच वर्षी साठीकडे झुकलेला हा गृहस्थ जॉन क्लार्क नावाच्या स्नेह्यास घेऊन डोंगराळ मुलखातील ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला. ग्रॅनाइट हा सर्वांत जुना, पहिला खडक, असे वेर्नरचे शिष्य मानीत. तो जर खरोखर वितळून वर आला असेल, तर जुन्या खडकांच्या भेगांत त्याच्या शिरा गेलेल्या कोठेतरी दिसल्या पाहिजेत, असा हटनचा तर्क होता. दरीतील नदीच्या पात्रात गडद रंगाच्या खडकांतून तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा धावताना त्याने पाहिल्या, आणि त्यास इतका हर्ष झाला, की बरोबरच्या वाटाड्यांस वाटले, यास सोन्याची किंवा चांदीची खाणच सापडली.

यापुढील प्रसंग १७८८ सालचा. हटन तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. गणिताचा प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि तरुण जमीनदार सर जेम्स हॉल यांसह तो एका नावेतून पूर्व किनाऱ्याने निघाला. सिकार पॉइंट नावाच्या खडकाळ टोकाशी नाव आली तेव्हा हटनला हवे होते ते दृश्य समोर उभे होते. खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे, कपाटात पुस्तके लावावीत तसे. आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित उताराने पसरलेले. हटनने सोबत्यांस त्याचा अर्थ उलगडून सांगितला. समुद्रातील गाळ आडवाच साचतो. म्हणून करडे थर आधी आडवे साचले. मग ते घट्ट झाले. मग दाबाने उभे झाले व समुद्राबाहेर आले. मग वारा-पाण्याने त्यांचे माथे झिजून सपाट झाले. आणि त्यानंतर त्यांवर तांबडी वाळू साचून तिचाही खडक बनला. अखेरीस तेही सारे कलून आज किनाऱ्यावर दिसत आहे. यांपैकी प्रत्येक घटनेस किती काळ लागला असेल, याचा विचार करता करता प्लेफेअरचे मन भोवंडून गेले, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे आहे, असे त्या काळी युरोपात सर्वसाधारणपणे मानले जाई. आज आपणांस ठाऊक आहे, की सिकार पॉइंटचे करडे थर सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आणि तांबडे थर सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ज्या रेषेवर ते एकमेकांस टेकतात, त्या बोटभर रेषेत सुमारे सहा कोटी वर्षे लपलेली आहेत.

अशा शोधानंतर सत्कार व्हावा, ही आपली अपेक्षा. पण हटनच्या वाट्यास आली ती दुखणी आणि टीका. १७९० नंतर मूत्राशयाच्या व्याधीने त्यास अंथरुणास खिळविले. १७९३ साली आयर्लंडातील किर्वन नावाच्या विद्वानाने त्याच्यावर कठोर हल्ला चढविला. धर्मश्रद्धेस बाध आणण्याचा आरोपही त्यात होता. आजारी हटनने उत्तरादाखल आपला निबंध वाढवून १७९५ साली दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्याची लेखनशैली अतिशय क्लिष्ट होती. बोलताना मित्रांस मोहून टाकणारा हा मनुष्य लिहू लागला की वाचक वाटेतच थकून जाई. तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित तसेच राहिले. त्याचा उपलब्ध भाग १८९९ साली, म्हणजे एका शतकानंतर, छापला गेला. २६ मार्च १७९७ रोजी हटन वारला. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स स्मशानभूमीत त्यास पुरले. त्या जागी नावाचा दगड लागला तो १९४७ साली. जगातील खडकांचा अर्थ सांगणाऱ्याच्या डोक्याशी दीडशे वर्षे एक दगडही नव्हता.

त्याचे कार्य बुडाले नाही, ते मित्रांमुळे. प्लेफेअरने १८०२ साली त्याचे विचार स्वच्छ व सुंदर भाषेत पुन्हा मांडले. त्या पायावर पुढे चार्ल्स लायेलने आपला प्रसिद्ध ग्रंथ रचला, आणि तो ग्रंथ बरोबर घेऊन तरुण डार्विन जगप्रवासास गेला. दुसरा मित्र हॉल याची कामगिरी तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. वितळलेला खडक थंड झाल्यावर काचेसारखा होईल, बसाल्टसारखा कणीदार होणार नाही, असा वेर्नरपक्षीयांचा आक्षेप होता. हॉलला प्रयोग करून पाहावयाचे होते. पण पृथ्वीच्या प्रचंड व्यवहारांचा निवाडा भट्टीतल्या एका मुशीवरून करणे हटनला पसंत नव्हते, म्हणून त्याच्या हयातीत हॉलने आदराने हात आवरला. हटनच्या मृत्यूनंतर त्याने काळा खडक भट्टीत वितळविला. झटकन थंड केला तेव्हा काच झाली. सावकाश थंड केला तेव्हा पुन्हा कणीदार दगड झाला. पुढे त्याने कापडाच्या घड्या एकावर एक ठेवल्या, वर वजन ठेवून त्या दोन्ही बाजूंनी दाबल्या, आणि डोंगरातील थरांसारख्याच वळ्या पडलेल्या दाखविल्या. खऱ्या पृथ्वीची हातांनी केलेली ती लहानशी प्रतिकृतीच होय.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या खेळाकडे वळू. संगणकातील जगाचा आरंभ एका संख्येपासून होतो. तिला बीज म्हणतात. बीज तेच असेल, तर जगही तेच उगवते. त्या संख्येवरून यदृच्छ वाटणारे आकडे काढून ते शेजारच्या आकड्यांशी हळुवार जुळवून घेतात. ही युक्ती केन पर्लिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ साली योजिली. त्यामुळे टेकड्या, दऱ्या आणि गुहा नैसर्गिक दिसतात. मग अमुक खोलीपर्यंत माती, अमुक खोलीपर्यंत दगड, अमुक पातळीखालच्या पोकळ्यांत शिलारस, असे नियम लावून जागा भरल्या जातात. ड्वार्फ फोर्ट्रेस नावाचा २००६ सालचा दुसरा एक खेळ याहून पुष्कळ काळजीपूर्वक बनविला आहे. त्यात गाळाचे, अग्निजन्य व रूपांतरित असे खडकांचे प्रकार वेगळे आहेत, प्रत्येक खडकात शोभेल तेच खनिज सापडते, पृथ्वीतलाची झीजही घडविली जाते, आणि ज्वालामुखीच्या नळीतून शिलारस वरपर्यंत आलेला असतो. ही बुद्धिमत्तेची कामे आहेत, यात संशय नाही.

परंतु खोलीवरून थर ठरविणाऱ्या जगात एक उणीव राहते. तेथील थरांस खोली आहे, पण वय नाही. वरचा थर खालच्यानंतर आला असे तेथे घडलेलेच नसते. दोन्ही एकाच क्षणी भरलेले असतात. हे जग, नकळत का होईना, वेर्नरच्या पाठ केलेल्या यादीसारखे आहे. हटनचे जग घटनांचे आहे : आधी साचणे, मग कलणे, मग झिजणे, मग शिलारसाने घुसणे, पुन्हा साचणे. हा क्रम बदलला की थरांचा आकार बदलतो. म्हणूनच भूगर्भशास्त्रज्ञ जमिनीच्या पोटाची संगणकावर प्रतिकृती करतात, तेव्हा त्यांच्या काही पद्धतींत अशा घटनांचा क्रमच संगणकास सांगावा लागतो.

या दृष्टीने आपला माळवा पाहा. महिदपूरच्या १८१७ च्या लढाईनंतर या प्रांताची व्यवस्था लावणारा जॉन माल्कम हाही स्कॉटलंडचाच. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथास कॅप्टन डेंजरफील्ड याने लिहिलेले माळव्याच्या खडकांचे वर्णन जोडलेले आहे. पुढे १८३० नंतरच्या दशकात विल्यम सायक्सने दख्खनच्या आडव्या काळ्या थरांचे वर्णन लंडनच्या विद्वानांपुढे ठेवले. हटनच्या घराजवळील कड्यावरून निघालेला प्रश्न असा आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचला.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीस भेगा पडून शिलारसाचे लोट बाहेर आले आणि थिजले. त्यांचा विस्तार आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. ते एकाच वेळी आले नाहीत. दोन लोटांच्या मध्ये कोठे लाल मातीचा पट्टा सापडतो, कोठे गोड्या पाण्यातील शिंपले व वनस्पतींचे अवशेष सापडतात. म्हणजे एक लोट थिजल्यावर त्यावर माती झाली, तळी साचली, झाडे उगवली आणि मग दुसरा लोट आला. आणि या सर्वांच्या खाली काय? धार जिल्ह्यात बाग येथे जा. प्रसिद्ध लेणी ज्या वालुकाश्मात कोरली आहेत, तो लाव्ह्याच्या आधीचा. त्याच परिसरात समुद्रातील प्राण्यांच्या अवशेषांनी भरलेला चुनखडक आहे, आणि त्या जिल्ह्यातील लाव्ह्याखालच्या थरांत डायनोसॉरची अंडीही मिळाली आहेत. आग वर आणि समुद्र खाली, असा आमच्या प्रदेशाचा क्रम आहे. कारण समुद्र आधी आला व आग नंतर. जुनी इंदूरच्या काळ्या दगडाखालीही अशीच त्याच्या पूर्वीची एखादी जुनी भूमी असली पाहिजे. वर्गात आम्ही दिलेले उत्तर चुकले ते येथे. आम्ही खोलीचा विचार केला, काळाचा केला नाही.

हटनचेही सर्व काही बरोबर नव्हते. गाळाचा खडक होण्यास उष्णताच कारण, असे तो समजे. वस्तुतः पाण्यात विरघळलेली द्रव्ये कणांस सांधण्याचे पुष्कळ काम करतात. भट्टीतील प्रयोगांविषयीची त्याची नापसंतीही हॉलने खोटी ठरविली. प्रतिकृतीपासून शिकता येते. मात्र तीत काय घातले आहे आणि काय गाळले आहे, हे खऱ्या खडकाशी ताडून पाहावे लागते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, खेळ खेळू नका असे आम्ही म्हणत नाही. उलट, पुढच्या वेळी संगणकावर जग रचाल तेव्हा जवळ एक वही ठेवा आणि आधी काय घडले व मग काय घडले, याची यादी लिहा. आणि दिवाळीच्या सुटीत वडील मंडळींबरोबर महूहून जामघाटाने नर्मदेच्या खोऱ्यात उतरण्याचा योग आला, तर रस्त्याकडेच्या कड्याशी थोडे थांबा. जितके खाली उतराल, तितके मागच्या काळात जाल. लाल मातीचा एखादा पट्टा दिसलाच, तर तो नीट पाहून त्याचे चित्र आम्हांस आणून दाखवा. ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला, त्याचे आम्ही ऋणी आहोत. त्याच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर उशिरा का होईना, येथे दिले आहे.